चार माणसं

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लहानपणी लिफ्टमध्ये शिरला की सगळी बटणं दाबायचा. एक राहिलं तरी चालायचं नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, मिटायचं, आणि दर खेपेला तो दोन्ही हात पंखांसारखे हलवत आनंदानं उड्या मारायचा. डोंबिवलीतली सात मजली इमारत, सकाळची घाईची वेळ, ज्याला त्याला लोकल गाठायची. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं, पोराला वळण नाही. कुणी म्हणालं, आईबाप दोघंही नोकरीवर, दुसरं काय होणार. दुसऱ्या दिवसापासून बहीण त्याला जिन्यानं नेऊ लागली. पाच वर्षांचा मुलगा, सातवा मजला, आणि बंद लिफ्टच्या दाराशी सुरू होऊन तळमजल्यापर्यंत चालणारा त्याचा आकांत.

मार्ग काढला तो वॉचमन काकांनी. ऑटिझम हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की या पोराला बटणं दाबल्याशिवाय राहवत नाही आणि साडेआठनंतर लिफ्ट रिकामीच असते. ते बहिणीला म्हणाले, "ताई, साडेआठला आणत जा त्याला. मी खाली दाराशी थांबतो. दाबू दे सगळी." बटणं दाबणं त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिलं. जिन्यातला आकांत मात्र त्या आठवड्यातच थांबला. आणि घराबाहेरच्या ज्या पहिल्या माणसाकडे त्या मुलानं मान वर करून पाहिलं, ते हे काका.

स्वमग्न मुलं, स्वमग्न मोठी माणसं आणि त्यांची घरं यांच्यासाठी लोकांनी आपापल्या ठिकाणी उभ्या केलेल्या कामांची ओळख या पुस्तकात आहे. त्यात संस्था आहेत, पालकांचे गट आहेत, घरोघरी जाणारे आरोग्यसेवक आहेत, एखादं उपाहारगृह आहे, मोठ्या मुलांसाठी बांधलेली वसतिघरं आहेत. प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग होता आणि डोक्यात ते काका. या सगळ्या कामांमागचं मर्म त्यांना कुणी न शिकवता सापडलं होतं, असं मला वाटत आलं आहे.

आपल्याकडे 'चार लोक काय म्हणतील' या वाक्यानं जितकी घरं कोंडून घातली आहेत, तितकी दुसऱ्या कशानं घातली नसतील. स्वमग्न मूल ज्या घरात असतं, ते घर तर या वाक्याखालीच दिवस काढतं. लग्नाला जायचं सुटतं, कारण बँडचा आवाज त्याला सहन होत नाही. हळदीकुंकू सुटतं, कारण तो दुसऱ्यांच्या ताटातलं उचलतो. मग नातेवाईक बोलवायचे थांबतात, आणि बोलावलं नाही याचं वाईट वाटणंही एक दिवस थांबतं. हे 'चार लोक' जर घर बंद करू शकतात, तर तीच चार माणसं ते उघडूही शकतात. चांगलं सामाजिक काम म्हणजे एकेका घरासाठी अशी चार माणसं जमवणं. या पुस्तकातली कामं मी त्याच मापानं मोजली आहेत.

आधी शब्दाबद्दल. ऑटिझमसाठी 'स्वमग्नता' हा शब्द मराठीत रुळला आहे आणि तो ऐकायला सुंदर आहे. त्यात ध्यानाला बसल्याचा, आपल्यात रमल्याचा भाव आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी मसुद्यात 'स्वपरायणता' आहे. दोन्ही शब्दांत तो 'स्व' आला आहे, कारण मूळच्या ग्रीक 'ऑटोस'चा अर्थच स्वतः असा. पण या शब्दानं एक गैरसमजही आपल्या पदरात टाकला आहे: हे मूल आपल्यातच बुडालेलं आहे, त्याला माणसांची गरज नाही. मला तरी असं मूल भेटलेलं नाही. माणसं हवीशी वाटणारी, पण माणसांपर्यंत पोचायची वाट निराळी असणारी मुलं मी पाहिली आहेत. कुणी शेजारी बसून तुमच्या बांगड्या मोजतं. कुणी तुमचंच वाक्य तुम्हाला परत करतं, तुमच्याच सुरात. ते त्याचं बोलणं असतं. आपल्याला ते बोलणं वाटत नाही, एवढाच काय तो प्रश्न. मी इथे स्वमग्न हाच शब्द वापरते आहे, तो घरातला झाला आहे म्हणून. वाचकानं त्यातला 'मग्न' जरा जपून घ्यावा.

वैद्यकाच्या दप्तरात ही स्थिती आली ती १९४३मध्ये. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल एक दीर्घ निबंध छापला. त्यातलं पहिलं मूल होतं मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याची हकिगत मला इथे सविस्तर सांगायची आहे, कारण सामाजिक आधार हा शब्द कुणी उच्चारायच्या आधी तो आधार कसा दिसतो, ते तिच्यात दिसतं.

डोनाल्ड तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला एका संस्थेत ठेवलं होतं. त्या काळी सल्ला असाच मिळे: ठेवून या आणि विसरून जा. साधारण वर्षभरानं ते त्याला परत घेऊन आले. पुढे तो नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला गावापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. १९४५मध्ये कॅनर स्वतः त्या शेतावर गेले, आणि तिथे पाहिलेलं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. डोनाल्डला मापं घेण्याचा नाद होता. त्या जोडप्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली ते सांगायचं काम दिलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला शेतात एक कोपरा दिला, इथे यांचं दफन कर आणि वर नावाच्या पाट्या लाव म्हणून. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याच्या हातात नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणून सांगितलं. कॅनरांच्या डोळ्यांदेखत त्या मुलानं सहा लांब ओळी नांगरल्या. घोडा नीट हाकला, टोकाला नीट वळवला.

 त्या जोडप्यानं मुलाचा नाद मोडला नाही. त्या नादाला काम दिलं आणि कामाला जागा दिली. आज महागड्या प्रशिक्षणांत 'मुलाच्या आवडीतून शिकवा' असं सांगतात, त्याचा मूळ पाठ हा.

डोनाल्ड पुढे कॉलेजात शिकला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळू लागला, एकटा देशोदेशी हिंडून आला. जून २०२३मध्ये, ८९व्या वर्षी तो वारला. जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर हे पत्रकार त्याचा माग काढत फॉरेस्टमध्ये पोचले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावलं होतं, की याला दुखवलंत तर गाठ आमच्याशी आहे. ही बँक त्याच्या आजोळच्या घराण्याची होती, घरात पैसा होता, आणि त्या काळच्या मिसिसिपीत गोऱ्या कुटुंबात जन्माला येणं हेही मोठं कवच होतं, हे विसरून चालणार नाही. पैसा नसलेल्या घरच्या मुलाला असं गाव कोण देणार? या पुस्तकातलं प्रत्येक काम त्या प्रश्नाशी झुंजतं आहे.

मधल्या काळात मात्र आयांवर फार मोठा अन्याय झाला. आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असं होतं, अशी समजूत तज्ज्ञांमध्येच पसरली. थंड आईला शीतकपाटाची उपमा दिली गेली. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७मध्ये पुस्तक लिहून ही समजूत घरोघरी नेली. कॅनर यांच्या स्वतःच्या लिखाणातही तिची बीजं होती; १९६९मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून त्यांनी पालकांना या आरोपातून जाहीरपणे मोकळं केलं. त्याआधीच, १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी हा जैविक प्रकार आहे, आईचा दोष नाही, असं साधार मांडलं होतं. रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही.

हे सगळं परदेशातलं आणि जुनं म्हणून सोडून देता येत नाही, कारण आमच्या सोसायटीच्या बैठकीत २००५ साली तेच वाक्य मराठीत म्हटलं गेलं: दोघंही नोकरी करतात, दुसरं काय होणार. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. तुम्ही हातात मोबाइल दिलात म्हणून तो बोलत नाही, असं सांगणाऱ्या आज्या, काकवा, कधी कधी डॉक्टरही मी ऐकले आहेत. मूल दोन-अडीच वर्षांचं, आई आधीच रात्र रात्र जागी, आणि वर हा ठपका. तो घेऊनच ती पुढची पाच वर्षं उंबरे झिजवते.

म्हणून जगभर या क्षेत्रात पहिली कुदळ मारली ती पालकांनी. लंडनमध्ये १९६२ साली काही पालक एकत्र आले आणि त्यातून पुढे नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी झाली. त्या पालकांमध्ये लॉर्ना विंग होत्या: मनोविकारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. स्वमग्नता हा एकच ठोकळा नाही, तो एक लांबलचक पट्टा आहे, त्यावर अजिबात न बोलणारं मूलही आहे आणि भडाभडा बोलणारं पण संवादाची गाठ न बसणारं मूलही आहे, हे आज आपण सहज बोलतो. ते जगाच्या गळी उतरवण्यात विंगबाईंचा वाटा फार मोठा. याच संस्थेनं १९६५मध्ये लंडनच्या ईलिंग भागात शाळा काढली, आणि मुलं मोठी झाली तेव्हा १९७४मध्ये सॉमरसेट परगण्यात प्रौढांसाठी निवासी वसाहत. आधी शाळा, मग घर. मुलांच्या वयाबरोबर पालकांची काळजी जशी सरकत गेली, तशी संस्था सरकत गेली. आपल्याकडेही हाच क्रम दिसतो.

भारतात दिल्लीच्या मेरी बरुआ यांनी १९९१मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली, तीही आपल्या मुलासाठी धावाधाव करता करता. १९९४मध्ये 'ओपन डोअर' ही शाळा निघाली. पालकानं मुलाला सोडून जायचं नाही, मुलाबरोबर बसून शिकायचं, आणि मग आपल्या गावी परत जायचं, अशा प्रशिक्षणावर त्यांनी भर दिला. ज्या देशात तज्ज्ञ मोठ्या शहरांत आणि मुलं मात्र सगळीकडे, तिथे हाच व्यवहार शहाणपणाचा होता. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम'मध्ये पालकच पालकांसाठी उभे राहिले. डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलेल्या 'उम्मीद'नं मुलांच्या विकासाचा विचार कुटुंबाला मध्यभागी ठेवून केला. गोव्यात डॉ. नंदिता डिसूझा यांचं 'सेतू' आहे. नावं आणखी पुष्कळ आहेत आणि ती पुढच्या पानांत भेटतील.

कायदा मागून आला आणि तोही अडखळत. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती पहिल्यांदा नावानिशी आली. पण दाखला, सवलत, आरक्षण यांचा दरवाजा खऱ्या अर्थानं उघडला तो २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांतला एक. मधल्या वर्षांत काय होत होतं? माझ्या बहिणीच्या हाती पडलेल्या पहिल्या दाखल्यावर 'मतिमंद' असं लिहिलं होतं. खिडकीवरच्या माणसाचा दोष नव्हता, त्याच्या यादीत दुसरा रकानाच नव्हता. दाखला घेऊन ती बाहेर बाकावर बसली, तेव्हा शेजारी बसलेला तिचा मुलगा समोरच्या भिंतीवरची सूचना मोठ्यानं वाचत होता. सात वर्षांचा होता. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचायचा. तहान लागली आहे हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं.

आता मूल्यमापनासाठी भारतीय मोजपट्टी आहे. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत आणि एकूण गुण सत्तर किंवा त्याहून अधिक आले तर स्वमग्नता धरतात. दहावीला लेखनिक, जास्तीचा वेळ अशा सवलती मिळतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. ही माहिती पालकांच्या गटात पहिल्याच दिवशी मिळते आणि गटाबाहेरच्या पालकांना कित्येकदा वर्षानुवर्षं मिळत नाही. गटाचं मोल सांगायला मला एवढं एकच कारण पुरे आहे.

किती मुलं आहेत? २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या मोठ्या पाहणीत दोन ते नऊ वयोगटात हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळलं. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवाही होता. शंभरात एक म्हणजे मराठी शाळेच्या दोन-तीन वर्गांमागे एक मूल. ते मूल वर्गात दिसत नसेल तर ते कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकानं स्वतःला विचारावा असा आहे.

एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्याकडे पुढच्या पन्नास वर्षांतही होणार नाहीत. मग काय करायचं? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर गोव्यात शोधलं गेलं.

'संगाथ' ही संस्था गोव्यात १९९६पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांच्या हातून उपचार पोचवणं ही तिची वाट. तिथल्या डॉ. गौरी दिवाण यांनी आधी स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी बोलून त्यांची परवड नोंदवली. मग मँचेस्टरमध्ये तयार झालेली एक पद्धत घेऊन ती इथल्या घरांत बसेल अशी बदलली, आणि गोवा व पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून तिची चाचणी घेतली गेली. २०१६मध्ये 'द लॅन्सेट सायकायट्री'मध्ये निष्कर्ष आले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं, त्यांतल्या ३२ घरांत ही पद्धत, उरलेल्या ३३ मुलांना नेहमीचे उपचार. दर पंधरवड्याला एक अशा एकूण बारा बैठका. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आया एकाच पद्धतीनं आपल्या मुलांशी खेळायला शिकत होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

पद्धत काय? चित्र डोळ्यांपुढे आणायचं तर असं. आरोग्यसेविका घरी येते. आई आणि मूल जमिनीवर बसून थोडा वेळ खेळतात, ती कॅमेऱ्यात ते टिपून घेते. मग मूल बाजूला होतं आणि दोघी बायका पडद्यासमोर बसतात. मुलानं वाटी उचलून उलटी केली, आई म्हणाली, "अरे, चेंडू बघ, चेंडू." त्यानं पाहिलं नाही. पुन्हा वाटी. आई पुन्हा, "चेंडू." आणि मग एकदा, कंटाळून असेल, आईनंही दुसरी वाटी घेतली आणि उलटी केली. मुलाचा हात थांबला. त्यानं आईच्या वाटीकडे पाहिलं, मग ओझरतं आईकडे. दोन सेकंद. सेविका तिथे चित्र थांबवते आणि विचारते, "इथे काय झालं?" ती चूक दाखवत नाही. जिथे जमलं ती जागा शोधते आणि आईलाच पाहू देते.

वर्षभर दवाखान्यांत आपल्या मुलाला काय येत नाही याच्या याद्या ऐकलेली बाई त्या दोन सेकंदांत पहिल्यांदा पाहते, की त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि ते माझ्यामुळे पाहिलं. शीतकपाट म्हणून हिणवलेल्या आयांच्या सगळ्या पिढ्यांना या एका थांबवलेल्या चित्रात न्याय मिळतो, असं मला मनापासून वाटतं.

निष्कर्षही प्रामाणिकपणे मांडले गेले. आईवडील मुलाच्या कलानं प्रतिसाद देऊ लागले, त्यात ठळक फरक पडला. मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. पण दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ वाढायच्या ऐवजी कमी झाला, हेही त्यांनी लपवलं नाही. जादूची कांडी कुणी विकत नव्हतं. पुढच्या टप्प्यात झोप, खाणं, चिडणं अशा घरातल्या रोजच्या अडचणीही या कामात घेतल्या गेल्या. ज्या आईला सहा महिने सलग झोप नाही, तिला खेळ शिकवून काय उपयोग?

जादूची कांडी विकणारेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल इथे बोललंच पाहिजे. स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन स्वमग्नता घालवतो म्हणून लाखो रुपये घेतले गेले आहेत. लोकांनी दागिने मोडले, जमिनी विकल्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डिसेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं, की स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि ते करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरेल. एकट्या पडलेल्या पालकाला अशी जाहिरात गाठते तेव्हा त्याला थांबवणारं शेजारी कुणी नसतं. गटात असलेल्या पालकाला कुणीतरी म्हणतं, "थांब, आम्ही गेलो होतो तिथे. पैसे भरू नकोस."

या पुस्तकाबद्दल एक तक्रारही नोंदवते. लहान मुलांवरची प्रकरणं पुष्कळ आहेत, मोठ्यांवरची थोडी. हा दोष संपादकांचा नाही. कामंच तशी आहेत. मूल तीन वर्षांचं असताना देणगीदार मिळतात, छायाचित्रं गोड येतात. तेच मूल तिशीचं होतं, दाढी येते, रागाला जोर येतो, आणि खोली रिकामी होते. बदलापूरची 'आधार' ही संस्था पालकांनीच आपल्या मोठ्या झालेल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या कायमच्या निवाऱ्यासाठी उभी केली. महाराष्ट्रात या प्रश्नाकडे डोळे उघडून पाहणाऱ्या पहिल्या कामांपैकी ते एक. जुहूचं 'कॅफे अर्पण' २०१८पासून चालू आहे. स्वमग्न आणि इतर बौद्धिक अक्षमता असलेली तरुण माणसं तिथे खाणं वाढतात, स्वयंपाकघर सांभाळतात, पगार घेतात. डोनाल्डच्या त्या शेतासारखंच हे: मोजायची आवड आहे ना, मग डबे मोज. गोव्यात जानेवारी २०२३मध्ये 'पर्पल फेस्ट' भरला, तेव्हा दिव्यांग माणसं प्रेक्षकांत आणि रंगमंचावर दोन्हीकडे होती. असं क्वचित दिसतं.

आणखी एक गोष्ट आम्हा नातेवाइकांना ऐकायला जड जाते. ही चळवळ पालकांनी उभी केली, म्हणून तिची भाषाही पालकांची झाली: दुःख, त्याग, झीज. जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्यानं १९९३मध्ये पालकांना उद्देशून लिहिलं, त्याचा आशय असा, की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला जे मूल हवं होतं त्याचा शोक वेगळा करा, आम्ही इथे जिवंत आहोत. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागावले होते. माझ्या बहिणीची वीस वर्षं याला काय माहीत, असं वाटलं. आता वाटतं, त्यानं बरोबर सांगितलं. मराठीत अजून स्वमग्न माणसांनी स्वतः लिहिलेलं फार कमी आहे. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा निम्मी प्रकरणं त्यांची असावीत, अशी माझी संपादकांना विनंती आहे. जी बोलत नाहीत ती चित्रं दाखवून, अक्षरांवर बोट ठेवून सांगतील. त्यांना वेळ द्यावा लागेल, इतकंच.

माझा भाचा आता सव्वीस वर्षांचा आहे. अठरा पूर्ण झाली तेव्हा कायद्यानं तो सज्ञान झाला, आणि बँकेच्या खात्यापासून ऑपरेशनच्या संमतीपर्यंत आईची सही चालेनाशी झाली. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. बहीण आणि मेहुणे आज पालक आहेत. त्यांच्यानंतर कोण, हे कुठल्याही अर्जात लिहून भागत नाही.

म्हणून बहिणीनं एक वही केली आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पालकांच्या गटातल्या एका बाईंनी तिला सुचवलं. त्यात तो काय खातो ते आहे: वरण पातळ, भात वेगळ्या वाटीत, एकमेकांना लागलेला चालत नाही. कुकरच्या शिट्टीआधी त्याला सांगायचं. केस कापायला मंगळवारी दुपारी, गर्दी नसते. दात दुखला तर तो सांगत नाही, डावा कान दाबतो. रागावला तर धरायचं नाही, दिवा बंद करून दाराबाहेर बसायचं, बाहेर कुणी आहे हे त्याला कळेल इतपत हळू गुणगुणायचं. पान चौदावर लिफ्टबद्दल आहे.

शेवटच्या पानावर तिनं चार आकडे घातले आहेत, एकाखाली एक. ज्यांनी ही वही वाचली आहे आणि ज्यांच्याबरोबर तो एक अख्खी रात्र राहिला आहे, अशांचीच नावं तिथे लिहायची, असा तिचा नियम आहे. पहिलं नाव माझं आहे. मी एकसष्ट वर्षांची आहे. दुसरं तिच्या गटातल्या एका आईचं, जिचा मुलगा आमच्याकडे राहून गेला आहे. तिसरं पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीचं. ती आता नर्सिंगला आहे. लहानपणी तिची शाळा दुपारची असायची, आणि साडेआठनंतर ती मुद्दाम त्याच्याबरोबर लिफ्टमधून वरखाली करायची. चौथ्या आकड्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.